टँक कोणत्या दिवसाचा?

वाचकांचे प्रश्न, रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्याची उत्तरं

दिवाळी अंकात माझ्या विजयंता रणगाड्याच्या मॉडेलचे चार फोटो छापून आले, तेव्हापासून पत्रं येताहेत. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. फौजेत बावीस वर्षं वाहन मिस्त्री होतो. त्यातली बरीच वर्षं विजयंता आणि टी-५५ यांच्या इंजिनांत हात घालून गेली. आता चार एकर वावर आहे, कापूस आणि तूर पेरतो, आणि दुपारच्या वेळी १/३५ मापाचे, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे रणगाडे करतो. सगळ्याच पत्रांना इथे जागा पुरणार नाही. ज्यांच्या उत्तरांचा इतरांनाही उपयोग होईल, ती घेतली आहेत.

प्रश्न: मी नववीत आहे. मला टँकचं मॉडेल करायचं आहे, पण किट आणायला पैसे नाहीत. घरी पुठ्ठा आणि फेविकॉल आहे. पुठ्ठ्याचा टँक खरा वाटेल का?
— विद्यार्थी, मोर्शी

वाटेल. माझा पहिला टँक पुठ्ठ्याचाच होता आणि तो अजून माझ्या कपाटात आहे. किट म्हणजे दुसऱ्या कोणी आधीच मापं घेऊन ठेवलेली असतात एवढंच. ती मापं तू स्वतः घे.

टी-५५ निवड. त्याची घडण साधी आहे. खरा टी-५५ रुंदीला ३.२७ मीटर, उंचीला २.४ मीटर आणि तोफेसकट लांबीला ९ मीटर. पस्तीसने भाग दे. रुंदी ९.३ सेंटिमीटर, उंची ६.९ आणि लांबी २५.७ येते. चाकांचा व्यास ८१० मिलिमीटर, म्हणजे तुझ्या मॉडेलवर २३ मिलिमीटर. पाच रुपयांची बरीच नाणी बरोबर २३ मिलिमीटरची आहेत. नवी थोडी मोठी निघाली आहेत, म्हणून आधी पट्टीवर ठेवून बघ. नाण्याभोवती पेन्सिल फिरव आणि काप. एका बाजूला पाच चाकं, प्रत्येक चाक दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून वीस चकत्या लागतील. एक चकती पुठ्ठ्याच्या दोन-तीन थरांची केलीस तर जाडी बरोबर येते.

पहिल्या आणि दुसऱ्या चाकामध्ये फट जास्त ठेव. ही फट चुकली तर बाकी सगळं बरोबर असूनही तो टी-५५ दिसत नाही.

वरचा बुरूज म्हणजे पालथी घातलेली उथळ वाटी. तू मोर्शीचा आहेस, तुझ्याकडे साचा झाडाला लागलेला आहे. सात सेंटिमीटरभर रुंदीचं संत्रं घे, अर्ध्याहून कमी भाग काप, पालथा ठेव, वरून पातळ प्लास्टिक ताण आणि वर्तमानपत्राचे तुकडे खळीत भिजवून सहा-सात थर चढव. दोन दिवस सावलीत वाळू दे, मग संत्रं काढून घे. उन्हात वाळवलंस तर आकार आक्रसतो. तोफेची नळी बंद पडलेल्या रेडिओच्या अँटेनाची कर. खऱ्या तोफेचं भोक १०० मिलिमीटरचं, आपल्या मापात ३ मिलिमीटरहून जरासं कमी. अँटेनाचे टप्पे एकात एक सरकतात, त्यामुळे नळी मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक अशी आपोआप होते.

चेन म्हणजे टँकच्या चाकांभोवती फिरणारा पट्टा. ती सायकलच्या जुन्या ट्यूबची कर. पट्टी १६ ते १७ मिलिमीटर रुंद. तिच्यावर ४ मिलिमीटरच्या पुठ्ठ्याच्या काड्या आडव्या चिकटव. एका बाजूला नव्वदच्या आसपास कड्या होतात. कंटाळा येईल. एका दिवशी वीसच कर. टी-५५ ला चेन उचलून धरणारी वरची छोटी चाकं नसतात, त्यामुळे वरची चेन लोंबून चाकांच्या माथ्यावर टेकलेली असते. ती ताठ ठेवू नकोस.

रंग अ‍ॅक्रिलिक घे, पोस्टर कलर नको. पोस्टर कलर ओल्या बोटाने निघतो आणि वरून काहीच करता येत नाही.

प्रश्न: आमच्या आजोबांचा टँकसमोर उभं राहून काढलेला फोटो आहे. घरचे म्हणतात १९७१ च्या लढाईतला आहे. टँक कोणता ते ओळखून त्याचं मॉडेल करायचं आहे. पाच चाकं दिसतात, पहिल्या चाकानंतर मोठी फट आहे, आणि तोफेच्या मधल्या भागात जाड फुगवटा आहे.
— तिवसा

तुम्ही नीट पाहून लिहिलंय, त्यामुळे काम सोपं झालं. आधी चाकं मोजायची, मग तोफ बघायची, हीच रीत. पाच चाकं आणि पुढे फट म्हणजे टी-५५ किंवा त्याचा थोरला भाऊ टी-५४. विजयंताला सहा चाकं, टी-७२ ला सहा, अर्जुनला सात.

आता फुगवट्याचं. तोफेतून गोळा गेल्यावर नळीत धूर राहतो. तो मागे बुरुजात माणसांच्या तोंडावर येऊ नये म्हणून नळीवर धूर ओढणारं नळकांडं बसवलेलं असतं. टी-५५ च्या मूळ १०० मिलिमीटर तोफेला ते अगदी तोंडाशी असतं. तुमच्या फोटोत ते मधे आहे, म्हणजे ती तोफ मूळची नाही. आपल्या फौजेने पुढे बऱ्याच टी-५५ वर १०५ मिलिमीटरची तोफ चढवली, विजयंतावर असते तीच जातकुळी. १९७१ मध्ये लढलेल्या टी-५५ वर १०० मिलिमीटरचीच तोफ होती.

म्हणजे फोटो लढाईनंतरचा आहे. आजोबा १९७१ मध्ये लढले असतील, नसतील असं मी म्हणत नाही. या फोटोतला टँक नंतरचा आहे एवढंच फोटो सांगतो. घरी हे सांगताना जपून सांगा, पण मॉडेल मात्र फोटोत दिसतं तेच करा. आणि तो फोटो भिंतीवरून काढून एकदा नीट स्कॅन करून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेला फोटो पुन्हा सुटत नाही.

प्रश्न: बसंतरच्या लढाईतला सेंच्युरियन केला. खरी माती लावायची म्हणून आमच्याच वावरातली काळी माती फेविकॉलमध्ये कालवून लावली. तरी सगळे म्हणतात काहीतरी चुकलंय. माती तर खरी आहे, मग चुकलं काय?
— चित्रकला शिक्षक, पुसद

गुरुजी, माती खरी आहे, पण ती पुसदची आहे.

मी प्रत्येक मॉडेलला रंग लावायच्या आधी एका कागदावर एकच ओळ लिहितो: हा टँक कोणत्या दिवसाचा आणि कोणत्या जमिनीवरचा. ती ओळ लिहिल्याशिवाय ब्रश हातात घेत नाही. तुमचा टँक १६ डिसेंबर १९७१ चा आहे. त्या दिवशी पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेंच्युरियन बसंतर नदीच्या पलीकडे, पाकिस्तानातल्या शकरगढच्या मैदानात होते. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ नावाचा टँक त्याच दिवशी पेटला, तरी ते टँक सोडून उतरले नाहीत. ते तिथेच गेले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या टँकवर आपण जो डाग लावू तो जबाबदारीने लावला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पंजाबची ती जमीन नद्यांच्या गाळाची. रंग फिकट, करडा-पिवळसर. वाळली की पीठ होते. आपली काळी माती ओली असताना बुटाला चार-चार किलो चिकटते आणि वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्हींची वागणूकच वेगळी. म्हणून डोळ्याला खटकतं.

आता उपाय. प्रत्येक जुन्या गावाला एक पांढरी असते, जिथे वस्ती होती किंवा गढी होती ती जागा. तिथली माती आणा. ती फिकट, राखेसारखी असते आणि शकरगढच्या रंगाच्या बरीच जवळ जाते. आणली की तव्यावर दहा मिनिटं भाजा, नाहीतर पावसाळ्यात मॉडेलवर बुरशी येते. मग वस्त्रगाळ करा. जुन्या धोतराच्या कापडातून गाळलेलीच घ्या, चाळणीची चालत नाही. हिशेब करा: मॉडेलवर एक मिलिमीटरचा खडा म्हणजे खऱ्या टँकवर साडेतीन सेंटिमीटरचा दगड. चाळणीतून आलेली माती लावली तर टँकवर गिट्टी ओतल्यासारखी दिसते. तुमच्या मॉडेलचं अर्धं दुखणं रंगात आहे आणि अर्धं या जाडसरपणात.

आणि कुठे लावायची? इथे माझी बावीस वर्षं तुमच्या कामी येऊ द्या. टँक चालतो तेव्हा चेन माती मागे आणि वर फेकते. म्हणून मडगार्डाच्या आतल्या बाजूला, मागच्या पत्र्यावर आणि पुढच्या खालच्या उतरत्या पत्र्यावर चिखल जास्त. चाकांच्या मध्यभागी वाळलेला, फिकट. चाकाच्या धावेवर जवळजवळ नाही, कारण चेन ती सतत घासते. चेनचा जमिनीला लागणारा भाग चांदीसारखा चकाकतो. किटवाले चेनला लालभडक गंज दाखवतात, तो चालत्या टँकला कधीच नसतो. रात्रभर उभा राहिला तर पातळ तांबूस झाक येते आणि दहा पावलं चालला की निघून जाते.

बुरुजावर चिखल नको. तिथे धूळ. आडव्या पत्र्यावर धूळ बसते, उभ्या पत्र्यावर दंवाच्या ओघळांनी तिच्या रेघा होतात. माणसं जिथे पाय देऊन चढतात तिथला रंग उडून खालचं लोखंड दिसतं, आणि तिथे बुटाचा चिखल असतो, पण टाचेएवढाच. टँकवर चढताना माणूस दरवेळी त्याच जागी पाय ठेवतो. अंधारातही. मी डोळे मिटून आजही विजयंतावर चढेन.

ओल्या चिखलासाठी त्याच मातीत थोडा गडद रंग आणि चमकदार वार्निशचा एक थेंब. नदी ओलांडलेल्या टँकला खालचा एक तृतीयांश भाग ओला-गडद आणि वरचा कोरडा-फिकट केलात, तर तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

काळी माती फेकू नका. आपल्याकडच्या कुठल्या सरावाच्या मैदानावरचा, जुलै महिन्यातला टँक करायचा झाला तर तिच्यासारखी दुसरी नाही.

प्रश्न: भाऊ, मॉडेल झकास झालं, पण फोटोत खेळणंच दिसते. माझा लग्नाचे फोटो काढायचा धंदा आहे, कॅमेरा चांगला आहे, लेन्स चांगली आहे. नवरी सुंदर दिसते, टँक का नाही दिसत?
— फोटोग्राफर, दारव्हा

कारण तुम्ही टँकचा फोटो नवरीसारखाच काढताय. नवरीच्या फोटोत चेहरा स्पष्ट आणि मागचा मांडव धूसर, हे छान दिसतं. टँकच्या फोटोत तोफेचं तोंड स्पष्ट आणि बुरूज धूसर झाला की पाहणाऱ्याचा डोळा लगेच ओळखतो, वस्तू वीतभराची आहे. खरा टँक पंधरा-वीस मीटरवरून पाहिला तर सगळाच्या सगळा स्पष्ट दिसतो. तेव्हा लेन्सचं छिद्र लहान करा, एफ/११ ते एफ/१६. उजेड कमी पडेल, म्हणून कॅमेरा तिपाईवर आणि शटर हळू. टँक हलत नाही, दोन सेकंद लागले तरी चालतील. मागे सरका, मीटरभर अंतरावरून काढा आणि नंतर कापून घ्या. मोबाइल वापरणार असाल तर पोर्ट्रेट मोड बंद. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे त्यात पुढचं-मागचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. या एका कामात साधा मोबाइल तुमच्या भारी कॅमेऱ्याला मागे टाकतो.

दुसरी गोष्ट उंची. तुम्ही वरून काढता. खऱ्या टँककडे आपण कधी वरून बघतो? जमिनीवर उभ्या माणसाचे डोळे १६० सेंटिमीटरवर. पस्तीसने भागा: साडेचार सेंटिमीटर. लेन्सचा मध्य जमिनीपासून साडेचार सेंटिमीटरवर आला पाहिजे. मोबाइल उलटा धरला, लेन्स खाली येईल असा, की हे सहज जमतं. मी टेबलावर चार बोटं आडवी ठेवून उंची बघतो. त्या उंचीवरून पहिल्यांदा पडद्यात पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण मिस्त्री म्हणून आयुष्यभर मी त्याच उंचीवरून टँक पाहिला होता.

तिसरी गोष्ट उजेड. तुमच्या स्टुडिओतले दिवे टँकवर नका टाकू. दोन दिवे लावले की दोन सावल्या पडतात, आणि सूर्य एकच आहे. बाहेर काढा. आपलं एप्रिल-मेचं ऊन कामाचं नाही. ते वरून पडतं, बुरुजाखाली काळाकुट्ट डाग आणि माथ्यावर पांढरा चट्टा. नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी सूर्य वर आल्यापासून पुढचा तासभर, ही वेळ. ऊन तिरपं येतं, पत्र्यापत्र्याची कड दिसते. सावलीची बाजू फारच काळी पडली तर समोरून पांढरं धोतर धरा, एवढा परावर्तित उजेड पुरतो. हिरवा टँक पाहून कॅमेरा फसतो, फोटो उजळ करतो आणि हिरव्याचा पोपटी होतो. एक्सपोजर थोडं खाली ओढा.

जागा? पांदण रस्ता. बंडीच्या चाकोऱ्या पडलेला, कडेला बाभूळ असलेला. बसायचा लाकडी पाट पांदणीच्या कडेला टेकवा, त्यावर गाळलेली माती पसरा, मॉडेल ठेवा. पाटाची पुढची कड मातीने झाका, आणि मागे खरं वावर, खरं क्षितिज, खरं आभाळ येऊ द्या. आपली बाभूळ म्हणजेच पंजाबची कीकर, झाड तेच. मागे दूरवर बाभळी आल्या तर शकरगढ खोटं वाटत नाही. मागे पऱ्हाटीचं वावर किंवा सागवान आलं तर वाटतं. फ्रेम लावायच्या आधी मागचं झाड कोणतं ते बघा, लग्नात मागे उभा असलेला मामा बघता तसं.

मॉडेलजवळचं गवत मात्र खरं नको. हराळीचं पातं तीन मिलिमीटर रुंद, म्हणजे टँकशेजारी दहा सेंटिमीटर रुंदीचं पातं उभं राहतं. कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या असतील ना घरी? त्यातली बारीक मुळं कापा आणि चिमटीने मातीत रोवा. वाळलेलं उंच गवत त्याहून चांगलं मी कुठल्या किटमध्ये पाहिलं नाही. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या झुडपांना आणि पऱ्हाटीच्या वाळल्या फांद्यांचे शेंडे निष्पर्ण झाडांना.

उदबत्तीचा धूर सोडून तोफेचा धूर दाखवणारे आहेत. मला ते पटत नाही. उदबत्तीच्या धुराच्या वेटोळ्या इतक्या बारीक असतात की टँक पुन्हा खेळण्याएवढा होतो.

एक रंगाचं राहिलं. टँकचा जो खरा हिरवा, तोच डब्यातून काढून मॉडेलला लावला तर फोटोत काळा दिसतो. खरा टँक आपण लांबून बघतो, मधल्या हवेने रंग फिका होतो. म्हणून हिरव्यात थोडा पांढरा किंवा बदामी मिसळा. मी दहा थेंबांना एक घालतो.

प्रश्न: आमच्या स्टेशनवरून कधीकधी सपाट डब्यांवर लादलेले टँक जातात. मॉडेलसाठी फोटो काढले तर चालेल का?
— पुलगाव

नाही. फौजेच्या हालचालीचे फोटो काढू नका. तुमच्या गावात तर दारूगोळ्याचा मोठा डेपो आहे, तुम्हाला हे मी सांगायला नको. त्या गाडीवरची पोरं कोणाची तरी आहेत.

टँक डोळे भरून बघायचे असतील तर अहिल्यानगरला जा. तिथे आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे आणि १९९४ मध्ये उघडलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. जुने-नवे, आपले आणि जिंकून आणलेले पन्नासच्या आसपास रणगाडे उघड्यावर मांडलेत. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस पुलगावकडूनच तिकडे जाते, गाडी बदलावी लागत नाही. फोटोचं काय चालतं ते फाटकावर विचारा. वही आणि पेन्सिल मात्र घेऊन जाच. विजयंतासमोर बसून मी दोन तास चाकाच्या बोल्टांची चित्रं काढली होती.

प्रश्न: किटबरोबर आलेली मऊ काळी चेन बसवून दोन वर्षं झाली. या उन्हाळ्यात बघतो तर चेन चाकांना चिकटली आहे आणि चाकाचं प्लास्टिक विरघळल्यासारखं झालंय. आमची खोली टिनांची आहे. उन्हानं झालं का?
— राळेगाव

उन्हाने वेग आला, मूळ कारण दुसरं. मऊ चेन मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलासारखं एक द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि चाकांचं कडक प्लास्टिक, पॉलिस्टायरीन, खातं. टिनाखालच्या मे महिन्यात हे लवकर होतं. पुढच्या वेळी चाकांना चेन बसवण्याआधी प्रायमर आणि रंगाचे पूर्ण थर द्या, म्हणजे मधे आडपडदा राहील. कड्या सुट्या येतात तसली कडक प्लास्टिकची चेन मिळाली तर प्रश्नच मिटतो. आता बिघडलेली चाकं चेनकडच्या बाजूने कानशीने घासा आणि तिथे चिखल लावा. चिखल तिथे असतोच.

मॉडेल टिनाच्या खोलीत वर फळीवर ठेवू नका, खाली ठेवा. पत्र्यालगतची हवा आणि जमिनीलगतची हवा यांत केवढा फरक असतो ते तुम्हाला मी काय सांगू. पावसाळ्यात झड लागलेली असताना स्प्रेचं मॅट वार्निश मारू नका. दमट हवेत ते पांढरं फटक पडतं. ते काम दसऱ्यानंतर.

प्रश्न: माझा मुलगा बंद खोलीत तासन्‌तास मॉडेल चिकटवतो. त्या गोंदाचा वास डोक्यात जातो. अपाय होतो का?
— एक आई, आर्णी

होतो. तो गोंद नाही, प्लास्टिक विरघळवणारं द्रव्य आहे. दोन तुकड्यांच्या कडा वितळतात आणि एकजीव होतात. त्याची वाफ बंद खोलीत घेऊ नये. खिडकी उघडी, पंखा पाठीमागून, आणि बाटलीचं झाकण प्रत्येक थेंबानंतर बंद. दिव्याजवळ किंवा गॅसजवळ अजिबात नको, पेट घेतं. त्याला ओसरीत बसवा ताई. उजेडही बरा मिळेल. मॉडेल थांबवू नका.

प्रश्न: माझे बाबा १९७१ मध्ये सेंच्युरियनचे ड्रायव्हर होते. लढाईबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. एवढंच सांगायचे, की थंडीत सकाळी टँकच्या इंजिनाच्या झाकणावर पोळ्या गरम करून खायचो. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या फोटोशेजारी ठेवायला त्यांचा टँक करायचा आहे. भावाने किट आणून दिलंय. टँकचा नंबर माहीत नाही, रेजिमेंटची खूण माहीत नाही. मी भरतकाम करते, बारीक कामाची सवय आहे. कसा करू?
— कळंब, जि. यवतमाळ

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

नंबराचं आधी सांगतो. माहीत नसेल तर लावू नका. किटमध्ये दुसऱ्या देशांच्या फौजांच्या खुणा येतात, त्या तर नकोच. कोरा ठेवा. बाबांचं डिस्चार्ज बुक घरात कुठेतरी असेल, त्यात रेजिमेंटचं नाव असतं. सापडलं नाही तर यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. रेजिमेंट कळली तर खूण नंतरही रंगवता येते, घाई नाही.

सेंच्युरियनमध्ये चार माणसं. तीन वर बुरुजात आणि ड्रायव्हर खाली, पुढे, उजव्या बाजूला, एकटा. त्याच्या डोक्यावर दोन पाकळ्यांचं झाकण असतं. किटमध्ये ते उघडं किंवा बंद कसंही बसवता येतं. उघडं बसवा. ती बाबांची जागा. त्या झाकणाच्या कडांवरचा हिरवा रंग ब्रशने न रंगवता मऊ पेन्सिलीच्या शिशाने हलकेच घासा, म्हणजे हातांनी झिजलेलं लोखंड दिसेल. ड्रायव्हर आत उतरताना दोन्ही हात त्याच कडांवर टेकवतो. दिवसातून कितीदा तरी.

आता दिवस. मी सगळ्यांना म्हणतो तसं तुम्हालाही म्हणतो, आधी दिवस ठरवा. पण तुमचा दिवस बाबांनीच ठरवून दिलाय. डिसेंबरची सकाळ, लढाई चालू नाही, इंजिन नुकतंच फिरवून बंद केलेलं. तेव्हा गोळ्यांच्या खुणा नकोत, धूर नको. चिखल वाळलेला, फिकट. पत्र्यांवर दंव. त्यासाठी मॅट वार्निश वाळल्यावर फक्त आडव्या पत्र्यांवर चमकदार वार्निशचा अगदी पातळ हात द्या, इंजिनाच्या झाकणावर मात्र नको. ते गरम आहे, तिथलं दंव उडून गेलेलं. एवढ्या एका फरकाने सकाळ कळते.

सेंच्युरियनचं इंजिन मागे असतं, रोल्स-रॉइसचं मीटिऑर, पेट्रोलवर चालणारं. त्याच्यावरची झाकणं रुंद आणि सपाट आहेत. पोळ्या तिथेच ठेवल्या असणार.

पोळ्या अशा करा. कार्यालयात कागदाला भोक पाडायचा पंच असतो ना, त्यातून पडणारी टिकली सहा मिलिमीटरची. पस्तीसने गुणा: एकवीस सेंटिमीटर. फौजेच्या लंगरची पोळी साधारण तेवढीच. कागद पातळ घ्या, पतंगाचा नको, वहीचा. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा म्हणजे गव्हाचा रंग येतो. वाळताना कडा जरा वर वळतात, तशाच राहू द्या. मग तपकिरी पेन्सिलीला टोक करून प्रत्येकीवर पाच-सहा ठिपके, तव्याच्या डागांचे. तुमचा हात भरतकामाचा आहे, ठिपके माझ्यापेक्षा चांगले येतील. शेजारी औषधाच्या गोळीच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचा छोटा डबा ठेवा.

पोळ्या चार करा, क्रू चार जणांचा होता. एकीवर एक रचू नका. शेजारी शेजारी मांडा, तशाच त्या सगळ्या गरम होतात.